खलास

निझव्यात आमच्या विभागाची चार यंत्रं आहेत,
चौघांना खजुरांची नावं:
फर्द, नघाल, खुनेझी, खलास.
माहेरी फोनवर म्हटलं, आज खलास बंद होतं,
तर वहिनी म्हणाली, मग उरलं काय?

ती तळघरात असतात, बिनखिडकीच्या खोलीत,
स्वेटर घालून जावं अशा गारठ्यात.
वर्षातून दोनदा मी त्यांना डोळ्यांनी पाहते.
एरवी फिर्कच्या फ्लॅटमधून, शिंप्याच्या दुकानावरच्या,
बाहेर रात्री दहाला अडतीस अंश,
काळ्या चौकटीत पासवर्ड टाकते,
ठिपकासुद्धा उमटत नाही, आंधळी कोशिंबीर,
आणि आत जाते.

आत गेल्यावर पहिलं विचारायचं: हू.
कोण कोण आहे?
बद्रिया आहे, सकाळपासून, तिचे भूकंप घेऊन.
सजीश आहे, तीन तास रिकामा;
झोपला असणार दार उघडं टाकून.
हिलाल आहे, आणि सगळी मेमरी हिलालकडे आहे.
त्याला एक ओळ पाठवते: बाबा रे, थोडं सरक.
सरकतो.

इथून जवळच फलज वाहतो.
पाण्याचे वाटे अर्ध्या अर्ध्या तासाचे,
पूर्वी दिवसा काठीच्या सावलीने मोजत, रात्री ताऱ्यांनी.
वाटणाऱ्याला इथे वकील म्हणतात.
आमच्याकडे, पांझरेच्या फडात, पाटकरी.
नानाकाका पाटकरी होते, रात्रभर कंदील घेऊन पाटावर,
कुणाची पाळी कधी लागली, कधी सरली,
वहीत नाही, डोक्यात.
शेवटच्या वावराचं पाणी तोडू नये म्हणायचे,
उजाडेपर्यंत तरी.
त्यांना कसं सांगू, माझीही नोकरी तीच आहे,
फक्त पायाला चिखल लागत नाही.

यादीत तळाला एक काम आहे. एकेचाळीस दिवस चाललेलं.
मालक: तैसीर.
तैसीरला जाऊन चाळीस दिवस झाले.
व्हिसा संपला, नवा निघाला नाही.
जाताना त्याने सगळ्यांना लालभडक करकडे पाजलं,
खुर्ची सजीशला दिली, कुंडी मला.
कुंडी मेली.
काम चालू आहे:
डोंगरात पाऊस झाला तर कोरड्या नदीतून लोंढा
कुठल्या पुलावर किती वाजता पोचेल.
(कोरड्या नदीला इथे वाडी म्हणतात. मी पहिले सहा महिने घरं शोधत होते.)
आणि त्याला पाळी त्यानेच लावून दिलेली, सगळ्यात शेवटची:
नाइस, एकोणीस.
म्हणजे तुमचं सगळ्यांचं भागू द्या,
उरलंसुरलं मला.

मेल आलाय: सदर खाते गुरुवारी दुपारी दोन वाजता बंद करावे,
होम पुसून टाकावे.
होम म्हणजे फोल्डर. यंत्रात प्रत्येकाला एक घर असतं,
नावानिशी.
रूटची किल्ली माझ्याकडे. दोन शब्द आणि एंटर.

बुधवार, रात्री सव्वाबारा. हू.
बद्रिया. हिलाल. मी.
तैसीर.
कुठल्याशा आकड्यांच्या पत्त्यावरून, पोर्ट सुदानच्या बाजूचा.
वीज आली असेल तिकडे, किंवा कुणाचा जनरेटर.
मी काहीतरी टाइप करत होते, त्याच्या मधोमध
त्याची ओळ उमटली; इथे ओळी अशाच येतात, न विचारता:

खलास?

यंत्राचं विचारत होता, कामाचं, की स्वतःचं,
अरबीत एकच शब्द. आपल्याकडेही.
मी आकडा पाहिला. अठ्ठ्याऐंशी टक्के.
लिहिलं: अजून नाही.

मग ते एकोणीस पुसून शून्य केलं.
कुणाला पुढची पाळी द्यायची तर रूटच लागतो.
हिलालला म्हटलं, आजची रात्र तुझं थांबव.
बद्रियाला म्हटलं नव्हतं,
तिचे भूकंपही थांबले.
तळघरात पंख्यांचा आवाज चढला असेल.
इथे फक्त शिंपी शटर ओढतोय,
अर्ध्यावर अडकतं ते, रोज.

पुन्हा हू.
तैसीर नाही.
काम आहे.
एक्याण्णव.